रत्नमहालचा मागचा जिना

“खोटी माळ घालत नाय गो, भाने,” आये म्हणाली.

तिच्या मांडीवर कागदाची पुडी होती आणि पुडीत तुळशीची माळ. सकाळीच दादरहून येताना मी ती आणली होती. वरळीच्या कोळीवाड्यातल्या आमच्या घरात पंख्याखाली आये पाय पसरून बसली होती आणि पुडीकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या मांडीवर विंचू सोडलाय.

“खोटी कुठे? अस्सल तुळस आहे. दुकानदाराला दोनदा विचारलं.”

“तुलस खरी. घालनारी खोटी.”

“अगं, दोन तासांचा तर प्रश्न आहे! दहा ते बारा. बारा वाजता काढ, डबीत ठेव, समुद्रात टाक, काय वाट्टेल ते कर.”

तिनं चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मासळीचा धंदा सोडून तेरा वर्षं झाली होती, तरी तळहातावरच्या कोयतीच्या खुणा गेल्या नव्हत्या. ओठांना तो हात खरखरीत लागला.

“असा बोलू नये,” ती एवढंच म्हणाली.

कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. आमचा घरांचा एजंट सबनीस, त्याच्यावर ढकलायला मला आवडलं असतं. पण तो बिचारा एवढंच म्हणाला होता, “मॅडम, रत्नमहालमध्ये मासे खाणारी आता तीनच घरं उरलीत. कमिटी प्रत्येकाला विचारते. तोंडावर नाही, गोड बोलून. तुमचं आडनाव पाटील, ते एक बरं आहे. पाटील कोणीही असू शकतं. फक्त... आजींना बघून...”

“काय आजींना बघून?”

“नाही, म्हणजे ते लुगडं, ते कानातले...”

मी त्याला झाप झाप झापला. आणि घरी येताना वाटेत टॅक्सी थांबवून माळ विकत घेतली.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी तेव्हा त्रेचाळीसची. माझे यजमान मोरेश्वर जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. मूलबाळ नाही. घरात आये आणि मी. गाठीला पैसा जमला होता, आणि कोणी म्हणे ठाण्याला घ्या, कोणी म्हणे अंधेरीला मोठा ब्लॉक मिळेल. मला ठाणंही नको होतं आणि अंधेरीही नको होती. मला घर नकोच होतं, खरं सांगायचं तर. मला गावदेवीचं रत्नमहाल, तिसरा मजला, धैर्यवानबाईंचं घर हवं होतं. तेच, दुसरं कुठलं नाही.

गावदेवी म्हणजे जुनी श्रीमंत वस्ती. चौपाटीपासून चालत सात-आठ मिनिटं, पण गल्लीत शिरलात की समुद्राचा आवाज बंद. झाडं, गोल गॅलऱ्यांच्या इमारती, लोखंडी जाळीची लिफ्ट, दारावर पितळी पाट्या. आये तिथं तीस वर्षं मासळी घेऊन जात असे. भाऊच्या धक्क्यावरनं माल घ्यायचा, डोक्यावर पाटी, आणि अकराच्या सुमाराला रत्नमहाल. पण पुढच्या दारानं नाही हं. अशा इमारतींना मागे एक लोखंडी गोल जिना असतो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाणारा. भंगी, दूधवाला, कोळीण, सगळे त्या जिन्यानं. शाळेला सुट्टी असली की मीही आयेबरोबर जायची. आये मासे कापायची, भाव करायची, भांडायची. मी पायरीवर बसून आत बघायची.

स्वयंपाकघराच्या दारातून सरळ लांबलचक पॅसेज दिसायचा. पॅसेजच्या टोकाला दिवाणखान्याचा एक तुकडा. तिथल्या खिडकीला वरच्या बाजूला रंगीत काचा होत्या, आणि अकरा वाजताच्या उन्हात त्यांचा तांबडा-हिरवा उजेड फरशीवर पडायचा. एवढंच दिसायचं. चटईएवढा रंगाचा तुकडा. मला त्याच्यावर पाय ठेवायचा होता. सात वर्षांची असताना ठेवायचा होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षीही ठेवायचा होता. हसा हवं तर. माणसाचं मन असल्या कशात तरी अडकलं की सुटत नाही.

सबनीसनं सहज म्हणून विकाऊ घरांची यादी दाखवली आणि त्यात रत्नमहाल दिसलं, तेव्हा मी ती यादी त्याच्या हातातून ओढूनच घेतली. धैर्यवानबाई, लग्न न केलेली, कॉलेजातून लायब्ररियन म्हणून निवृत्त झालेली एकटी बाई, आता अठ्ठ्याहत्तरची, बडोद्याला भाचीकडे कायमची राहायला निघाली होती. “लहरी आहेत हं,” सबनीस म्हणाला. “सात गिऱ्हाइकं परत पाठवली. आणि त्या हो म्हणाल्या तरी वर कमिटी आहेच. सगळ्या कुटुंबाला बघणार.”

म्हणून ती माळ.

“आणखी एक,” मी आयेला बजावलं. “धैर्यवानबाईंना ओळख दाखवायची नाही.”

“अगो, तीस वरसा मी तिच्या दारात...”

“म्हणूनच! तू बोललीस की संपलं. गप्प बसायचं. विचारलं तर मान हलवायची.”

आयेला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. पण ती वाद न घालता उठली. पुडी नेऊन तिनं एकवीरेच्या फोटोपुढे ठेवली. बराच वेळ तिथं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिनं स्वतः बाजारात जाऊन मासळी आणली. बोंबील, मांदेली, आणि चिंबोऱ्या. दोघींच्या जेवणाला तीन प्रकार! मी म्हटलं, “आये, कोण जेवायला येणार आहे?” ती म्हणाली, “कोण नाय. जेव गुमान.” आणि स्वतः बसली ती दीड तास जेवत होती. चिंबोरीची नांगी दाताखाली फोडून, चोखून, तिचं टरफलसुद्धा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवत होती. बोंबलाचा काटा हातात धरून बघितला. मग बोटं चाटली, एकेक करून. मला आपलं उद्याचं टेन्शन. मी मनात म्हटलं, म्हातारी घाबरलीय, म्हणून खातेय.

शनिवारी सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली तेव्हा माळ तिच्या गळ्यात होती. मी टॅक्सीत घालणार होते. तिनं आधीच, स्वतःच्या हातानं, देवापुढे बसून घातली होती. कानातली सोन्याची वेढी काढून ठेवलेली. माझ्या सासूबाईंचं पांढरं लुगडं नेसलेली. तिचे रिकामे कान बघून मला कसंतरीच झालं, पण टॅक्सी खाली उभी होती.

रत्नमहालच्या फाटकात शिरलो आणि आये सरळ इमारतीच्या बाजूच्या बोळाकडे वळली. मागच्या जिन्याकडे. पायांना सवय! मी तिला दंड धरून ओढलं.

“आये, इकडून.”

“हां हां,” ती ओशाळून म्हणाली. मग हळूच विचारलं, “पुढचा दरवाजा कुठंशी हाय गो?”

तीस वर्षं या इमारतीत आली होती. तिला माहीत नव्हतं.

दार धैर्यवानबाईंनीच उघडलं. जाड भिंगाचा चष्मा, पांढरेशुभ्र केस, हातात काठी. मला त्या ओळखणं शक्यच नव्हतं. आयेकडे त्यांनी बघितलं, चष्मा सारखा केला, आणि म्हणाल्या, “या, बसा.”

दिवाणखाना मी तेव्हा पहिल्यांदा अख्खा बघितला. नक्षीच्या फरश्या, शिसवी कपाट, गोल गॅलरी. आणि तो उजेड. तांबडा आणि हिरवा, जिथं असायचा तिथंच. आये सोफ्याच्या अगदी टोकाला बसली, आणि उजेड नेमका तिच्या पायांवर आला. तिनं लगेच पाय मागे ओढून घेतले.

कमिटीचा सेक्रेटरी आधीच येऊन बसला होता. सभ्य माणूस. त्यानं मोरेश्वरांची चौकशी केली, मला कुठल्या शाळेत शिकलात विचारलं. मग खाकरला.

“माफ करा हं, विचारावं लागतं. आमच्या इमारतीत वातावरण जरा सात्त्विक आहे. जेवणाखाण्याचं तुमच्याकडे...”

“आम्ही शुद्ध शाकाहारी,” मी म्हटलं. त्याचा प्रश्न संपायच्या आत. “आई तर माळकरी आहेत.”

‘आई आहेत.’ जन्मात मी तिला अहोजाहो केलं नव्हतं. माझ्याच तोंडून ते ऐकताना वाटलं, मी दुसऱ्याच कोणाच्या तरी आईबद्दल बोलतेय.

सेक्रेटरी आयेकडे वळला. “किती वर्षं झाली, आजी?”

मान हलवून भागणारा प्रश्न नव्हता हा. आयेनं वर बघितलं. तिचा हात माळेवर गेला.

“घातली ती घातली,” ती म्हणाली. “आता सुटायची नाय.”

“वा!” सेक्रेटरी खूश झाला. “याला म्हणतात निष्ठा.”

वा आये! मी मनातल्या मनात म्हटलं. तू नाटकात जायला हवी होतीस.

“मी मात्र मासे खाते हं,” धैर्यवानबाई मधेच म्हणाल्या. “मी गेले की हा मजला एकदम पवित्र होईल.” सेक्रेटरी कसनुसं हसला. बाई खिडकीकडे बघत बोलत राहिल्या. “आमच्याकडे एक हारकू यायची. कोळीण. काय तोंड होतं तिचं, बापरे! पण माशाच्या पोटात अंडी, गाभोळी असली की दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. एकदा मला टायफॉइड झाला तर रोज मागच्या दारात येऊन विचारून जायची. बारा-तेरा वर्षं झाली, येईनाशी झाली. कुठे असेल कोण जाणे.”

हारकू माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिचा श्वास मात्र ऐकू येत होता, भरती लागल्यासारखा. एक शब्द. एकच शब्द ती बोलली असती. मी पदराखालून तिचं मनगट घट्ट धरलं. ती फरशीकडे बघत राहिली.

परत येताना टॅक्सीत मी बडबड बडबड केली. आये खिडकीतून बाहेर बघत होती. “नीट झाला ना तुझ्या मनासारखा?” एवढंच तिनं विचारलं. माळ काढली का, हे मी विचारलंच नाही. माझं लक्षच नव्हतं.

आठ दिवसांनी कमिटीचं पत्र आलं. हरकत नाही. मी मोरेश्वरांना फोन लावला आणि फोनवर रडले. मग महिनाभर कागदपत्रं, बँक, धावपळ. त्या दिवसांत आये जेवायला वरणभात घ्यायची. “पोट बरा नाय,” म्हणायची. मीही हो का, म्हणून पुढे जायची.

आणि एक दिवस धैर्यवानबाईंचा फोन आला.

“भानुमती, बुधवारी माझी संध्याकाळची गाडी आहे. सकाळी किल्ल्या घ्यायला ये. हारकूला घेऊन ये.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतेयस ना? तिला म्हणावं, बोंबील घेऊन ये. आणि मागच्या जिन्यानं नको. पुढच्या दारानं ये म्हणावं.”

आयेला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग हसली, मग डोळ्यांना पदर लावला. बुधवारी उजाडायच्या आत उठून भाऊच्या धक्क्यावर गेली. तेरा वर्षांनी! स्वतः निवडून बोंबील आणले, दोन पापलेटं आणली. तिच्या कानात पुन्हा वेढी होती आणि अंगावर तिचं हिरवं लुगडं. माळ गळ्यात होती, पण पदराखाली. मला दिसली नाही, किंवा मी बघितली नाही.

बाई दारात उभ्याच होत्या. “ये, हारकू.”

“बाय! वळखलंस तू मना?”

“तुझा आवाज लपतो होय? त्या आवाजानं तीस वर्षं मला दटावलंय.”

“मंग तवा बोलली का नायस?”

“तू बोलली नाहीस म्हणून. म्हटलं, हिला घर हवंय, मला हिलाच द्यायचंय. उगाच तोंड घालून कशाला बिघडवा?” मग त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नाही. “आणि तू गं, मागच्या पायरीवर बसून आत टकमक बघायचीस. दोन वेण्या, लाल रिबिनी. मला काय माहीत नव्हतं? हाक मारून आत घ्यायला हवं होतं मी तेव्हा. कधी सुचलंच नाही बघ. वाईट मनानं नाही, सुचलंच नाही.”

घर बहुतेक रिकामं झालं होतं. जेवणाचं टेबल, तीन खुर्च्या आणि स्वयंपाकघरातली थोडी भांडी राहिली होती. बाईंनी सगळ्या खिडक्या स्वतः लावून घेतल्या. “वास गेला तर जाऊ दे म्हणा खरं तर,” त्या म्हणाल्या, “पण तुम्हाला इथं राहायचंय.”

आये पहिल्यांदा त्या स्वयंपाकघराच्या आत गेली. उंबऱ्याशी क्षणभर अडखळली. मग पदर खोचला आणि कामाला लागली. बोंबील चिरून पाट्याखाली दाबले, तांदळाच्या पिठात घोळवले, पापलेटाचं चिंचेच्या कोळातलं कालवण केलं. बाई खुर्ची घेऊन दारात बसल्या. आयेनं बाहेर बसायचं आणि बाईंनी आत असायचं, ती जागा आता उलटी झाली होती. दोघींचं तोंड चालू. कोण वारलं, कोण अमेरिकेत गेलं, कुठली सून चांगली निघाली. कित्येक वर्षांत मी आयेला इतकं हसताना ऐकलं नव्हतं.

तीन ताटं बाईंनी वाढली. त्यांनीच. आयेला हात लावू दिला नाही. “तीस वर्षं तू आणलेलं खाल्लं मी,” त्या म्हणाल्या. “तुला एकदा ताट वाढलं नाही. आज मुकाट्यानं बस.”

आये बसली. बाईंनी तिच्या ताटात सगळ्यात मोठा, कुरकुरीत बोंबील ठेवला.

आयेनं तो उचलला आणि बाईंच्या ताटात ठेवला.

“बाय, मना नको. भात दे आणि सोलकढी दे.”

“का गं?”

आयेनं पदर बाजूला केला. माळ तिथंच होती.

बाई हसल्या. “अगं, काढ आता ती! कमिटीचं पत्र आलं, घर तुमचं झालं. आता कोणाला दाखवायचीय?”

“काढायला ती काय पाटीवरचा फडका हाय?”

ती हे हसतच म्हणाली. पण मला अंगावर कोणी तरी गार पाणी ओतल्यासारखं झालं. ‘आता सुटायची नाय.’ ते नाटक नव्हतं. शुक्रवारच्या चिंबोऱ्या, दीड तास चाललेलं जेवण, एकेक बोट चाटणं, महिनाभराचा वरणभात. सगळं एकदम माझ्या डोक्यात उलगडलं.

“आये!” मी जवळजवळ ओरडलेच. “वेडी आहेस का तू? दुकानातली माळ ती! कुठल्या महाराजांनी घातली नाही, कुठे गेलो नाही आपण. मी आणली! माझं पाप मला लागू दे. तू खा.”

“तुझा कशाला पाप? मी घातली, माझ्या हातानं. एकवीरेला इचारून घातली.” मग तिचा आवाज खाली आला. “देवाला मधी आपण घेतला ना गो, भाने. त्यानं काम केलं. आता त्याला काय फसवायचा?”

“पण का? नाही म्हणायचं होतंस ना! मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास!”

“तू मागच्या जिन्यावर बसायचीस,” ती म्हणाली. “माल संपायचा, पाटी धुवून व्हायची, मी हाका मारायची, तरी तू उठायची नायस. त्या रंगाकडं बघत बसायचीस. मना तवाच वाटायचा, ह्या पोरीला एकदा आत न्यायला पायजे. माझ्या हातात काय होता? काय नव्हता. आता व्हता, तर दिला.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना आयेबरोबर एकदा जेवायचं होतं. तेवढंच राहून गेलं होतं त्यांचं. आणि आये त्यांच्यासमोर बसून भात आणि सोलकढी जेवत होती, माझ्यामुळे. त्या दिवशी मला माझी इतकी लाज वाटली की ती अजून पुरतेय.

“बाय, तू खा,” आये म्हणाली. “ताजा हाय. मी तुझ्याकडं बघते.”

बाईंनी सगळे बोंबील खाल्ले. एकेक काटा बाजूला काढत, सावकाश. आये बघत राहिली.

बाई संध्याकाळी गेल्या. घर आमचं झालं. मी त्या रंगावर पाय ठेवला का? ठेवला. गार फरशी होती. त्यावर उभी राहिले आणि पुढं काय करायचं ते मला कळेना.

आये त्या घरात नऊ वर्षं राहिली. मी नाही नाही ते केलं. एका कीर्तनकारबुवांकडे जाऊन विचारून आले, ते म्हणाले, विधी करून माळ उतरवता येते. आये म्हणाली, “त्या बुवाला इचारून घातली होती काय मी?” विषय संपला. सकाळी ती त्या उजेडात खुर्ची टाकून बसायची, आता पाय मागे न ओढता. पण खाली जायचं झालं की गुडघे दुखेपर्यंत मागच्याच जिन्यानं जायची. “पुढच्या दारानं जाताना पाहुण्यासारखा वाटतं,” म्हणायची.

घरात मासळी शिजली नाही. कमिटीची भीती मला नंतर राहिली नव्हती, पण तिच्यासमोर मी तळणार कशी? मोरेश्वर आले की आम्ही बाहेर जेवायचो. आणि परत आलो की आये जागी असायची.

“काय खाल्लंस?”

“पापलेट.”

“केवढा?”

“वीतभर.”

“कल्ले बघितलेस काय? लाल होते? कालवण की तळलेला? चिंच होती की कोकम?”

सगळं विचारायची. मी सगळं सांगायची. ती ऐकताना मधेच आवंढा गिळायची, आणि मी बघितलं न बघितल्यासारखं करायची. बाहेर मासे खाऊन येऊ नये, असं किती वेळा ठरवलं. पण दोन आठवडे गेलो नाही की तीच म्हणायची, “बरेच दिवसांत कायच सांगितलं नायस गो.”

शेवटच्या महिन्यात तिनं अंथरूण धरलं. मी तिची खाट दिवाणखान्यात आणली, उजेडाजवळ. जेवण सुटलं होतं, पेजेचे चार चमचे जायचे. मीही दिवसभर चहावर असायची. एक दिवस अकराच्या सुमाराला तिनं डोळे उघडले. तांबडा तुकडा तिच्या चादरीवर आला होता.

“भाने. आज काय खाल्लंस?”

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

“बोंबील,” मी म्हटलं. “तळलेले. तांदळाच्या पिठातले.”

“ताजा होता?”

“धक्क्यावरचा. पाणी सुटत होतं अंगाला. आणि चिंबोऱ्या होत्या. भरलेल्या. नांग्या फोडून चोखल्या.”

तिनं ओठांवरून जीभ फिरवली. हात गळ्याशी गेला, माळ चाचपली, पुन्हा खाली आला.

“कोनाकडनं घेतलंस?”

“हारकूबाय आली होती,” मी म्हटलं. “पाटी घेऊन. पुढच्या दारानं आली, इथं सोफ्यावर बसली, आणि देऊन गेली.”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, खोटं बोलू नको.

“घासाघीस नाय ना केलीस तिच्याशी?”

“नाय केली, आये.”

“बरा केलास,” ती म्हणाली. “लांबून येते ती.”